कवळ्या खेकड्यांचा चारा

झुंबर भोयानं टाच जमिनीत दाबली, तशी कडवा नदीच्या काठाची ओली माती भसकन आत गेली.

"शकू, हे बघ. आतून कडी लावून बसलीय बया."

शकू कमरेवर हात ठेवून खाली वाकली. सातवा लागला होता, पुरतं वाकता येत नव्हतं. बिळाच्या तोंडाशी मातीचं ताजं लिंपण होतं, हाताच्या तळव्याएवढं. खेकडा कात टाकायला आला की असं दार लिंपून घेतो. जुनं कवच उतरतं, नवं अंगावर धरायला वेळ लागतो. तेवढा वेळ तो मऊ असतो. भोयांच्या बोलीत कवळा.

झुंबरनं आधी बाभळीची काडी आत सरकवली, कान देऊन ऐकलं, बिळापाशी सांडलेल्या मातीच्या गोळ्या बोटानं चिवडल्या. मग पालथा पडून खांद्यापर्यंत हात घातला. गाल चिखलात रुतला. शकूला बापाचा तसा चेहरा लहानपणापासून ठाऊक होता. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं.

"कसा हाय, नाना?"

"कानाच्या पाळीसारखा," तो म्हणाला आणि हात अलगद बाहेर काढला.

तळव्यावर खेकडा होता. नांग्या होत्या, पण त्यांत चावायचं बळ नव्हतं. शकूनं तो ओल्या गोणपाटात ठेवला. पहिल्या दिवशी असा हा सातवा होता.

पुढच्या बिळात एक खेकडी निघाली. पोटाखालची झडप उचलून बघितली तर मोहरीएवढी पिलं बिलगलेली. झुंबरनं ती होती तशी परत आत सोडली.

"घेतली असती तरी काय होतं? इनमिन तीन दिवस आपल्या हातात," शकू म्हणाली.

"तीन दिवसांनीबी गंगा हायेच ना," झुंबर म्हणाला. गोदावरीला ते सगळे गंगाच म्हणत.

तीन दिवसांची गोष्ट अशी होती. धरणाचं पाणी मच्छीमारांच्या सोसायटीनं ठेक्यानं घेतलं, त्याला दोन वर्षं झाली. यंदा चैत्रातल्या मीटिंगला ठराव आला, की पाण्यात जाळंच पडेल, गळ पडणार नाही. गळांनी जाळी फाटतात. गावात गळदोर, म्हणजे ओळीनं गळ बांधलेला लांब दोर, टाकणारी घरं उरली होती चार. जयराम चेअरमन म्हणजे भोयाचाच पोर, पण आता पॅन्ट घालायचा, बर्फाच्या गाड्यांचा हिशेब बघायचा. झुंबर मीटिंगमध्ये उठून उभा राहिला.

"कपारीच्या डोहात तुमचं जाळं उतरतं का? नाय उतरत. खडकात फाटून येतं. तिथली वाम खायची कुणी, मगरीनं?"

लोक हसले. जयरामही हसला.

"बरं, झुंबरनाना. तुमच्यासाठी म्हणून. तीन दिवस देतो. तीन दिवसांत तीस किलो काट्यावर आलं, तर चारी घरांना पास. नाय आलं तर मुकाट्यानं जाळ्यावर मजुरीला यायचं. कबूल?"

"कबूल."

"चौघांचं मिळून नाय हं. दोर तुमचा एकट्याचा. तुमच्या हातावर भरोसा हाय म्हणून बोलतोय."

त्या हाताचं नाव गंगेच्या दोन्ही काठांना होतं. गांडूळ लावून कुणीही मासा धरतो. पण डोहाच्या कपारीतली मांडीएवढी, सापासारखी लांब वाम गांडुळाला तोंड लावत नाही. तिला कवळा खेकडा लागतो. तोही जिता, आणि गळावर असा ओवलेला, की पाय हलत राहिले पाहिजेत. गळ पोटाकडून घालून पाठीच्या कडेनं काढायचा. अर्धं बोट इकडचं तिकडं झालं की खेकडा मेला. झुंबरनं हे गेणूला शिकवलं होतं, गेणूच्या भावांना शिकवलं होतं. गेणू म्हणजे त्याचा चुलतभाऊ, चार घरांतला एक. त्याला बऱ्यापैकी यायचं. बाकीच्यांचे खेकडे दहातले पाच मरायचे.

पहिल्या दिवशी अकरा किलो भरलं. पण काट्यापर्यंत पोचायलाच दुपार झाली. जाळ्यावाल्यांची टोपली आधी, मग गळवाल्याचं. झुंबर सोसायटीच्या शेडच्या बाहेर जमिनीवर बसून राहिला. बर्फाचं पाणी ओघळत येऊन त्याच्या धोतराखाली साचलं, तरी जागा सोडली नाही. उठला असता तर नंबर गेला असता.

"नाना, धोतर ओलं झालंय मागून," काट्यावरचा पोऱ्या म्हणाला.

"ह्या वयात होतंच रे," झुंबर म्हणाला, आणि सगळी शेड खदखदली. शकूला मात्र हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहा. मिळून साडेएकवीस झाले. आता एका दिवसात साडेआठ पाहिजे होते, आणि डोह अजून तापलेला होता, वाम वर येत होती. त्यात दुसऱ्याच दिवशी सकाळी खेकड्यांनीही कृपा केली. बावीस कवळे मिळाले. तिसऱ्या दिवसाचा सगळा दोर भरेल एवढे. झुंबरनं गोणपाट घरातल्या कोनाड्यात ठेवलं. दोर खडकात अडकून गुंतला होता, तो सोडवायला त्याला आणि गेणूला डोहावर जायचं होतं.

शकूची आई भागीबाई बाजाराची पाटी बांधत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "पोटुशीच्या हाती चारा देऊ नये म्हणतात. दोर रिकामा येतो."

"तिच्या हाताला खेकडे ओळखतात. पाच वर्षांची होती तेव्हापासून." तो शकूकडे वळला. "गोणपाट वाळू द्यायचं नाय. शिंपडत राहा. पण पाणी दाखवायचं नाय त्यांना. नुसती ओल दाखवायची."

"ठाऊक हाय, नाना."

खरंच ठाऊक होतं. भोयाच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल. कवळा खेकडा ओलीत ठेवला तर दोन दिवस कवळाच राहतो. पाण्यात सोडला की पाणी पिऊन अंग धरतो, आणि टणक खेकड्याला वाम हुंगतसुद्धा नाही.

दुपारी वारा सुटला. विस्तवावरून आल्यासारखा. शकूनं दोनदा शिंपडलं, तिसऱ्यांदा शिंपडेपर्यंत गोणपाटाच्या कडा कडक झालेल्या. तिनं उलगडून बघितलं. खेकड्यांच्या तोंडाशी फेस आला होता. एक हलेना. तिनं बोटानं हलवलं, तरी हलेना. दुसऱ्यानं एक पाय उचलला आणि तसाच खाली टाकला.

घरात कुणी नव्हतं. कंबर सकाळपासून दुखत होती. मेले तर उद्या काय लावणार, हे एकच तिच्या डोक्यात फिरत राहिलं. मेलेला खेकडा म्हणजे काहीच नव्हे. तिनं घमेल्यात चार बोटं पाणी घेतलं. म्हणाली, घटकाभर. जीव धरला की काढते. एकेक खेकडा हातावर घेऊन पाण्यात सोडला. ते लगेच हलायला लागले. तेही कसं, तर पोरं नदीत उतरल्यावर हातपाय मारतात तसं. तिला बरं वाटलं. कंबर टेकावी म्हणून ती बाजूलाच गोधडीवर पडली.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. तिनं घाईनं खेकडे काढून गोणपाटात गुंडाळले. बावीसच्या बावीस जिते होते. मेल्यासारखा वाटलेलाही चालत होता. तिनं एकावरही बोट दाबून बघितलं नाही. घमेलं अंगणात पालथं घातलं.

झुंबर दिवेलागणीला आला, हाताची सालटी गेलेली. जेवला. कोनाड्याकडे बघून म्हणाला, "बरे हायेत?"

"बरे हायेत," शकू म्हणाली.

तिसऱ्या दिवशी फटफटताना त्यानं ओसरीवर गोणपाट उघडलं. गळ बाजूला मांडलेले. पहिला खेकडा उचलला, अंगठा दाबला. दुसरा उचलला. तिसरा. शकू चूल पेटवत होती, तिला अंगठ्याचा आवाज ऐकू आला. पापडावर बोट दाबावं तसा बारीक कडकडाट. त्यानं पाच-सहा खेकडे तसे बघितले आणि मग बघायचं सोडलं. अंगणात पालथं घमेलं होतं, त्याच्या काठाला चिखलाची रेघ सुकलेली. त्यानं ते बघितलं. मग शकूकडे बघितलं.

"पाणी दाखवलंस?"

तिनं मान हलवली.

"कधी?"

"दुपारी. मरतील वाटलं, नाना. फेस आला होता."

"फेस येतोच." त्याच्या सोललेल्या हातांवर पहाटेचा उजेड पडला होता. मग उठला, बाभळीची काडी घेतली, आणि हळू आवाजात म्हणाला, "आईला नको सांगू. चल. ऊन चढायला वेळ हाय. दहा मिळाले तरी साडेआठ किलो निघंल."

आत भागीबाई निजलेली होती. शकू त्याच्या मागोमाग निघाली. तो रोजच्यापेक्षा भराभर चालत होता. रोज तो तिच्यासाठी बांधावर थांबायचा. आज थांबला नाही.

कडवेच्या काठाची त्यांची ओळखीची बिळं दोन दिवसांत उपसून झाली होती. झुंबर वरच्या अंगाला गेला, करंजाच्या झाडांखाली. तिथं तीन मिळाले. मग दोन. तो काडी घालत होता, पण ऐकायला थांबत नव्हता. सूर्य वर आला तसा तो मातीच्या गोळ्या बघायचाही थांबला. सहावं बीळ मोठं होतं. त्याचं तोंड गुळगुळीत होतं. त्यावर लिंपण नव्हतं, गोळ्याही नव्हत्या. शकूनं ते बघितलं. ती म्हणणार होती. पण आजच्या दिवशी त्याला काही सांगायचा हक्क आपल्याला उरलेला नाही असं तिला वाटलं, आणि ती गप्प राहिली.

तो पालथा पडला. हात खांद्यापर्यंत गेला. मग त्याचे डोळे उघडले.

हात त्यानं ओढून काढला नाही, सावकाश काढला. मनगटाच्या वर रक्ताचे दोन थेंब होते. तो त्यांच्याकडे बघत राहिला, एखाद्या दुसऱ्याच माणसाचा हात असल्यासारखा.

"शकू, माझा करगोटा तोड. दंडाला बांध. घट्ट."

"नाना—"

"पळायचं नाय. तू पळायचं नाय, समजलं? गेणूला हाक मार."

गेणू डोहाकडे निघालेलाच होता. तो धावत आला. रस्त्याला उन्हाळ कांद्याचा टेम्पो उभा होता, पिंपळगावला निघालेला. ड्रायव्हरनं झुंबरला गोण्यांवर घेतलं. शकूला गेणूनं हात देऊन वर ओढलं. कुणीतरी मागून ओरडलं की विष उतरवायला आधी मांत्रिकाकडे न्या. गेणूनं ऐकलं नाही, निफाडला सरकारी दवाखान्यात चल म्हणाला.

झुंबर गोण्यांवर उताणा पडला होता. पापण्या जड होत होत्या, जीभ जाड झाली होती. गेणू त्याचा हात धरून बसला होता.

"पण दादा, एवढ्या सकाळी त्या बिळात कशाला? चारा तर काल भरलेला होता ना?"

झुंबरनं डोळे फिरवून शकूला शोधलं. ती त्याच्या पायाशी होती, पोट दोन्ही हातांनी धरून. तो तिच्याकडे बघत गेणूला म्हणाला, "मीच... मीच पाण्यात ठेवले. रात्री."

"तू?"

"अक्कल गेली. म्हातारा झालो."

"नाय, नाना," शकू म्हणाली. टेम्पोच्या आवाजात ते गेणूला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. झुंबरला गेलं. त्यानं मान हलवली, एकदाच. लहानपणी ती घसरणीच्या दगडावर पाय ठेवायला लागली, की दुरून हलवायचा तशी. नको म्हणून.

फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, डब्यामागून डबा. गेणू खाली उतरून फाटकवाल्याला हात जोडत होता. कांद्याचा उग्र वास येत होता. शकूनं बापाच्या छातीवर हात ठेवला होता. गाडीची धडधड गोण्यांतून येत होती, त्यामुळं छातीची कधी थांबली ते तिला समजलं नाही.

तेरावा झाला. पाहुणे गेले. मालेगावहून शकूचा नवरा आला होता, तो बाळंतपणाला परत येतो म्हणून गेला. सुतकात शकूनं तीनदा आईला सांगायचं ठरवलं. पण भागीबाई येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बाईला तेच सांगत होती. "त्याच्या हातून कसं झालं गं हे? साऱ्या गंगेला शिकवलं त्यानं, आणि त्यालाच इसर पडावा?" बाया हळहळायच्या. पारावर पुरुष एकमेकांना तेच सांगायचे, थोडं हसूनही. झुंबर भोयानं कवळे खेकडे पाण्यात घातले म्हणे. बापाचं नाव तिच्या डोळ्यांदेखत असं खाली यायला लागलं. काठावरची पोरं खेळताना एकमेकांना म्हणू लागली, तुझा झुंबर झाला.

पंधराव्या दिवशी गळवाल्या तीन घरांनी सोसायटीत अर्ज दिला. आणखी तीन दिवस द्या म्हणून. शेडमध्ये मीटिंग बसली. बाया बाहेर उभ्या होत्या, त्यांत शकू आणि तिची आई.

"गेणूकाका, मला वाईट वाटत नाय का?" जयराम म्हणत होता. "पण मी शब्द कुणाच्या हातावर दिला होता? नानाच्या. त्याच्याच हातून चारा वाया गेला. त्याला जमलं नाय ते तुम्हाला जमंल? आणि उद्या दुसरं कुणी असंच बिळात हात घालून मेलं, तर माझ्या गळ्यात."

गेणू खाली मान घालून बसला होता.

शकू दारातून आत आली. माणसं बाजूला सरली.

"अरे, खुर्ची द्या तिला," जयराम म्हणाला. "बस, शकू. अशा अंगानं कशाला आलीस?"

ती बसली नाही. "खेकडे नानांनी पाण्यात घातले नाहीत. मी घातले. दुपारी. घरात कुणी नव्हतं तेव्हा."

बाहेर काट्याची साखळी वाऱ्यानं वाजत होती.

"त्यांच्या हातून काही चुकलं नाही," ती म्हणाली. "कधीच नाही. गेणूकाकाला त्यांनीच शिकवलंय. त्याला तीन दिवस द्या."

जयरामनं तिच्याकडे बघितलं. त्याचा आवाज मऊ झाला. "शकू, तू भोयाची लेक. कवळ्या खेकड्याला पाणी दाखवत नाहीत, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"होतं."

"मग ठाऊक असून कुणी घालतं का?"

तिनं तोंड उघडलं. फेस आला होता, वारा सुटला होता, कंबर दुखत होती. हे सगळं खरं होतं आणि त्यातलं काहीच पुरेसं नव्हतं.

"बापासाठी बोलते पोरगी," मागून कुणीतरी म्हणालं.

"काका, तुम्ही सांगा," ती गेणूकडे वळली. "टेम्पोत मी नाय म्हणाले होते."

गेणूनं वर बघितलं. त्याचे डोळे भरले होते. पास मिळाला तर त्याचंच घर गळावर राहणार होतं. तो उठला, तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"पोरी, तो माझा हात धरून बोललाय. मरता माणूस खोटं कशाला बोलंल?" मग तो सगळ्यांकडे वळला. "पण ह्याला म्हणतात लेक. बापाची चूक पोटाशी घेऊन उभी राहिली. अशा अंगानं."

लोकांनी माना हलवल्या. एकदोन म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. जयरामनं अर्जावर काहीतरी लिहिलं आणि कागद घडी घालून खिशात ठेवला.

भागीबाईनं तिला हाताला धरून घरी आणलं. ओसरीवर आल्यावर आईनं तिला भिंतीला टेकवून बसवलं, तांब्या भरून दिला.

"आई, ते खरं होतं."

"हो गं."

"खरंच मी—"

भागीबाईनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "बास. त्याचं नाव राहावं म्हणून बोललीस, मला कळत नाय का? पुन्यांदा बोलू नको. पोटातलं ऐकतं." आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती मोकळी रडली, लेकीच्या खांद्यावर डोकं टेकून.

दुसऱ्या दिवसापासून गेणू जाळ्यावर मजुरीला जाऊ लागला. बाकीची दोन घरंही. पहाटे त्यांचा रस्ता ह्याच अंगणावरून होता. गेणू दारापाशी क्षणभर थांबायचा, बरोबरच्यांना म्हणायचा, "लेक असावी तर अशी," आणि पुढे जायचा.

आईला ते ऐकू जायचं. ती आतून म्हणायची, "निजून राहा गं. रोज कशाला उठतेस?"

पण दिवस भरेपर्यंत शकू रोज त्या वेळेला उठायची, चौकटीला धरून दारात येऊन उभी राहायची, आणि गेणूचं बोलून होईपर्यंत आत जायची नाही.